कासेचं मलम

९ जानेवारी, गुरुवार

सहा फेब्रुवारीला तपासणी! काओचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते. एका हातात दुधाची बादली, दुसऱ्या हातात फोन, आणि गाय शेपटीचे फटके मारतेय.

"जोलीन, डायलेटर रोज वापरतेस ना?"

"हो तर!"

खोटं. साफ खोटं. डायलेटरची पिशवी अजून कपाटात लोकरी मोज्यांखाली आहे, ऑक्टोबरपासून.

काओ म्हणजे ओ क्लेअर शहरातल्या हॉस्पिटलातली नर्स. माझ्या गर्भाशयाच्या मुखाशी कॅन्सरची गाठ निघाली आणि किरणं देऊन ती जाळली. तेव्हा शेवटच्या दिवशी तिनेच मला बाजूला बसवून सगळं समजावलं होतं. "किरणांनी आतली कातडी आकसते. भिंती एकमेकींना चिकटतात. रोज थोडा वेळ ही कांडी आत ठेवायची, म्हणजे वाट उघडी राहते. नाही ठेवलीस तर डॉक्टरांना आत बघताच येणार नाही. काही परत उगवलं तरी कळायचं नाही." मी मान डोलावली आणि घरी येऊन पिशवी मोज्यांखाली कोंबली. डोकं ठिकाणावर आहे का माझं?

आणि आर्लो. ऑक्टोबरपासून दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत झोपतो. "तुला नीट झोप मिळावी म्हणून." चांगलं कारण आहे. जरा जास्तच चांगलं आहे. एकोणतीस वर्षं एका पांघरुणात घोरलेला माणूस! आता माझ्याजवळून जाताना अंग चोरतो. किळस येते त्याला. दुसरं काय असणार.

१० जानेवारी

काढली पिशवी. फिक्या जांभळ्या सिलिकॉनच्या पाच बहिणी. पहिली करंगळीएवढी. पाचवीकडे मी बघितलंच नाही.

सोबत जेलची छोटी बाटली. काओ 'वंगण' म्हणाली होती, मला ट्रॅक्टर आठवला. "पाण्यातलंच घ्यायचं. वासाचं नको, गोडसर नको, गरम किंवा गार वाटायला लावणारं तर नकोच. सिलिकॉनचंही नको, ते या सिलिकॉनलाच खातं." तेव्हा वाटलं, बाई केवढं बोलते! आता सगळं आठवून आठवून लिहितेय.

पहिली गेली आत. दुखलं नाही फारसं. रडले मात्र खूप.

१४ जानेवारी

दुसरी. अर्धीच. दाराबाहेरून आर्लो — "आत काय करतेस एवढा वेळ?" "व्यायाम!" हे तरी खोटं नव्हे.

१८ जानेवारी, शनिवार

बाटली संपली. गावातल्या औषधांच्या दुकानात गेले. एका बाटलीवर ज्वाळा, एकीवर स्ट्रॉबेरी, एकीवर नुसतंच चंद्राचं चित्र. अक्षरं मुंगीएवढी आणि चष्मा ट्रकमध्ये. तेवढ्यात गल्ल्यावरून मार्लिस ओरडली. ही मार्लिस चर्चमध्ये गाताना माझ्या शेजारी उभी असते, आणि आवाज असा की घंटा परवडली.

"जोलीन! काय शोधतेयस गं? सापडत नाहीये का?"

माझ्या मागे पाद्रींची बायको उभी!

खोकल्याच्या गोळ्या घेऊन आले. घरात खोकणारं कोणी नाही.

१९ जानेवारी

सुचलं! कासेचं मलम!

या घरात सगळ्याला तेच लागतं. थंडीत गाईंचे सड चिरतात त्यांना, आर्लोच्या हातांच्या भेगांना, कुत्र्याच्या पंजांना. केंड्रा तान्ही होती तेव्हा तिच्या ढुंगणालासुद्धा तेच लावलं, आज मुलगी पन्नास पाउंडांची पोती उचलते. गाईला चालतं तर मला का नाही? दुधाच्या खोलीतून डबा उचलला. दुसरी पूर्ण गेली. तिसरीसुद्धा! उगीच घाबरत होते. मार्लिसची गरजच नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

मलम निघता निघत नाही. साबण लावला, कढत पाणी ओतलं, तरी कांड्या मेणचट. त्यावर टॉवेलचे तंतू. आणि एक कुत्र्याचा केस! शी! हे मी आत घालत होते?

मग दुधाच्या खोलीत नेल्या. दूध काढून झालं की सड बुडवतो ते आयोडीन होतं, त्यात बुडवल्या, घासल्या. गाईला रोग लागू देत नाही ते. आता हॉस्पिटलापेक्षा स्वच्छ, असं मनाशी म्हणून स्वयंपाकघरात भांड्यांच्या जाळीत वाळत ठेवल्या. पाच मिनिटांसाठी!

सासूबाई मागच्या दाराने आत. अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहतात आणि दार वाजवणं त्यांना माहीतच नाही. सरळ जाळीपाशी. तिसरी हातात घेतली.

"काय गं हे? वासरांना दूध पाजायची नवी निपलं का?"

"हो, आई."

"भोक कुठाय?"

"अजून... पाडायचंय."

उलटीसुलटी करून बघितली. उजेडात धरली. मी मरत होते.

"फार लांब आहे. ठसका लागेल वासराला. कुणी विकली तुला?"

"काओने."

"फसवलं तुला. आर्लोला दे, तो पाडून देईल भोकं." आणि जेवणाचा वाडगा ठेवून गेल्या. बटाटे-मांसाचा, वर चीज. मला एक घास गेला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आग होतेय. बसवत नाही.

संध्याकाळी दर शुक्रवारसारखे मासे खायला निघालो. ट्रकमध्ये आर्लो म्हणाला, "आई म्हणत होती, कसली निपलं आणलीयस. भोकं पाडायचीत?" "नकोत आता." त्याने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. बर्फ होतं.

घरी आल्यावर चड्डीला गुलाबी डाग.

२५ जानेवारी

आज लाल.

२६ जानेवारी

पुन्हा. परत आलंय ते. मला कळतंय. पहिल्यांदाही असंच सुरू झालं होतं, असाच छोटा डाग. चर्चला गेले नाही. आर्लोला सांगितलं, डोकं दुखतंय. काओला फोन केला तर ते खरं होईल. नाही केला तर निदान आजचा दिवस तरी खोटा राहील.

केंड्राचं लग्न जूनमध्ये आहे. देवा, जूनपर्यंत.

२७ जानेवारी, सोमवार

केला फोन.

"किती जातंय? पॅड भरतं का? ताप आहे?"

"नाही. डाग फक्त. पण लाल आहे."

"बरं. लावलंस काय?"

मी खिडकीतून गोठ्याकडे बघितलं.

"जोलीन?"

"गाईच्या कासेचं मलम."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. "आणि कांड्या धुतल्यास कशाने?" तेही सांगितलं. मग मात्र तिने मोठा श्वास घेतला.

"अगं बाई! ते मलम पाण्याने निघत नाही. आत थर बसतो आणि थराखाली जंतू वाढतात. त्यावर तू आयोडीन चोळलंस, किरणांनी भाजलेल्या कातडीला! ती कातडी गाईच्या सडाची नाही गं."

"म्हणजे ते परत आलेलं नाही?"

"ते मी फोनवरून कसं सांगू? उद्या ये."

तिने विचारलं, नवऱ्याला माहीत आहे ना? म्हटलं, आहे. हे आणखी एक खोटं.

२८ जानेवारी

एकटीच गेले. आर्लोला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे. थोडा जंतुसंसर्ग आहे, गोळ्या दिल्या. जुना संच टाकून द्यायचा. काओने नवा दिला आणि अगदी शाळेतल्यासारखं घोकून घेतलं: बिनवासाचा सौम्य साबण, कोमट पाणी, खळखळून धुणं, स्वच्छ कापडावर हवेत वाळवणं, मग सुती पिशवी. प्रत्येकीला कापडाची वेगळी घडी, एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. थोडे दिवस काहीच आत घालायचं नाही, मग पुन्हा पहिलीपासून.

"तोवर वाट बंद झाली तर?"

"एवढ्यात नाही होत."

"आणि रक्त?"

"बहुतेक जळजळीमुळेच."

बहुतेक. घरी येईपर्यंत तो एकच शब्द डोक्यात.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी आर्लो आत आला आणि जेवणाच्या टेबलावर चौथी ठेवली. चौथी! आयोडीनच्या पेल्यातच राहिली होती आणि मी टाकताना मोजल्या नव्हत्या. जांभळीची तपकिरी झालेली.

"ही वासराची नाही," तो म्हणाला.

मग सांगितलं सगळं. मोरीकडे तोंड करून, भांडी विसळत. कांड्या कशासाठी, मलम का, रक्त, दाताचा डॉक्टर खोटा. तो टोपी घालूनच उभा होता. शेवटी ट्रकची किल्ली उचलली आणि गेला. मला वाटलं, झालं. आता हा खुर्चीतसुद्धा झोपायचा नाही.

परत आला तो हातात बाटली. पिशवीसुद्धा नाही, उघडी बाटली.

"मार्लिसला विचारलं, पाण्यातलं कुठलं."

"मार्लिसला!"

"तिने चष्मा लावून सगळी लेबलं मोठ्याने वाचली. रांग होती मागे."

"आर्लो! कोण कोण होतं?"

"सगळे. पाद्री म्हणाले, जोलीनला नमस्कार सांग."

मी टेबलाला धरून हसले, मग रडले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला, आणि चटका बसल्यासारखा उचलला. रात्री खुर्चीतच. मग बाटली कशाला आणली? मला हा माणूस कळत नाही.

४ फेब्रुवारी

आता सुरू करू का विचारलं, काओ हो म्हणाली. पहिली, नव्या जेलने. अलगद गेली. रक्त नाही. तरी परत परत जाऊन बघितलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आर्लोही आला. आपणहून. तिथे खुर्चीच्या कडेवर, टोपी हातात कुस्करत बसला.

डॉक्टरांना आत बघता आलं! जरा अरुंद आहे, पण उघडी आहे वाट. आत सगळं स्वच्छ. डाग कातडी सोलवटल्याचा होता. तीन महिन्यांनी पुन्हा या. मी टेबलावर तशीच पडून छताकडे बघत राहिले.

मी बूट घालत होते तेव्हा दाराशी आर्लो काओला विचारत होता, "हे होतं कशाने?"

"बहुतेकदा एका विषाणूने. जवळजवळ सगळ्यांनाच केव्हातरी लागतो तो. वर्षानुवर्षं गप्प राहतो."

"कुणाकडून लागतो?"

"जवळ आलेल्या कुणाहीकडून. कुणाकडून ते नाही सांगता येत, आणि शोधूही नये."

घरापर्यंत तो नुसता रस्त्याकडे बघत ट्रक चालवत राहिला. आतलं स्वच्छ आहे आर्लो, स्वच्छ! तुला आनंद का होत नाही?

७ फेब्रुवारी

सकाळी दूध काढताना आर्लो बोलला, गाईच्या आडून. तोंड दिसत नव्हतं.

"लग्नाआधी एक होती. जत्रेतली, एकदाच. हॉस्पिटलातलं त्या विषाणूचं पत्रक वाचल्यापासून वाटतंय, मीच आणलं हे तुझ्यापर्यंत."

"म्हणून खुर्ची?"

"तुला अजून काही लागू नये म्हणून."

किळस नव्हती! मी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग म्हटलं, "माझाही एक होता, तुझ्या आधी."

त्याने मान वर काढली. "कोण?"

"तुला काय करायचंय?"

हसला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. संध्याकाळी त्याने खुर्ची उचलून कोठारात नेली, मांजरांना दिली म्हणे.

त्याच्याआधी माझं कोणीही नव्हतं. हे फक्त इथे, या वहीत.