मर्यादेपलीकडचा वारा

३ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. बाबांची तब्येत आहे तशीच. काल त्यांनी गोळी गालात धरून ठेवली आणि माझी पाठ वळल्यावर उशीखाली सरकवली. वर शेजाऱ्यांना सांगितलं, की या घरात औषध कुणी देत नाही. मी त्यांच्यावर ओरडले, मग न्हाणीघरात जाऊन रडले. तुझा वारा मोजून झाला की ये. मला आता खरंच जमत नाही.

लोभ आटू देऊ नको.
तुझी ताई

१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा लबाडपणा काही आजचा नाही. इथे मीही हैराण आहे. ध्रुवावर, खूप उंच, हवेला जो मंद उजेड असतो तो आमचा उपग्रह बघतो. त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आकडा आला, की संगणक तो यंत्राची चूक समजून टाकून देतो. या महिन्यात असे ढीगभर टाकले गेले. साहेब म्हणतात, यंत्र म्हातारं झालं. मला पटत नाही. याचा छडा लागेपर्यंत रजा मागायला तोंड नाही. तू खंबीर आहेस, त्या दिवशी दमली असशील. थंडी सरेपर्यंत कळ काढशील ना?

माया पातळ करू नको.
छोटी

२४ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

हो, दमलेच होते. मागचं मनावर घेऊ नको. इकडे सगळं ठीक. धाकटी नेमकं काय करते, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, पगार घेऊन आभाळाकडे बघते. बऱ्याच दिवसांनी बाबा हसले. तू तुझं काम कर.

आठवण असू दे.
ताई

६ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या एका उपग्रहाचे आकडे मागवले. त्यालाही त्याच जागी तेवढाच वारा दिसला. आमचं यंत्र धडधाकट आहे. एवढा वारा असू शकतो हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं, म्हणून मर्यादाच तोकडी ठेवली गेली. साहेब खूश आहेत. मी खोलीवर येऊन तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. तू कधी कुरकुर करत नाहीस, म्हणून ‘मला आता खरंच जमत नाही’ ही ओळ मी दमण्याच्या खात्यावर टाकली, आणि तूही लगेच हो म्हणालीस.

दोन महिन्यांची रजा टाकली आहे. वीस तारखेला पोचते. आल्यावर चहापाणी करत बसू नको. गोळ्यांचा डबा कुठे असतो तेवढं सांग आणि झोप.

तुझीच,
छोटी