खाली सही कौशल्याबाईंची

हिंगणघाट,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

पत्रास कारण की मला किळस आली आहे. फोनवर सांगितली असती, पण फोनवर तू मध्येच बोलतेस. कागद मध्ये बोलत नाही.

घरी सगळे बरे. तुझे बाबा दुकान उघडतात, मी अकरा वाजता जाऊन खुर्ची अडवतो. लग्नसराईमुळे गुंड, पराती, तांबे अशा भांड्यांवर नावं कोरायचं काम पुष्कळ आहे. हात अजून थरथरत नाही.

काल समोरचे शिलाईवाले बंडूजी आले, गळ्यात टेप तशीच. म्हणाले, काऊन प्रभाकरराव, वहिनी वरतून सिनेमे पाहून राह्यल्या काय? मी म्हटलं, बंडूजी, थट्टेलाही जागा असते. तर हात धरून टॉकीजपर्यंत घेऊन गेले. तिथे काचेच्या पेटीत एका नव्या सिनेमाचं पोस्टर, आणि त्याच्या कोपऱ्यात, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर, तुझ्या आजीच्या अक्षरात लिहिलेलं: 'सहकुटुंब पाहावा. डोळे भरून आले. सौ. कौशल्या.' पानावरची तारीख यंदाच्या दिवाळीची! तिला जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षश्राद्धाला वाढायला तूच होतीस.

शिव्या द्यायच्या तर पाहून द्याव्या, म्हणून बंडूजींसह आत जाऊन बसलो. अडीच तास एक दाढीवाला कोयत्याने माणसं कापतो. बंडूजींनी बासष्टपर्यंत मोजली, मग कंटाळले. मध्येच त्याची आई कोयत्याला कुंकू लावते, आणि तो पाऊस पडत असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाणं म्हणतो. पुढच्या रांगेत एक बाई चार वर्षांच्या लेकराला मक्याच्या लाह्या चारत होती आणि लेकरू पडद्यावरचं रक्त पाहून हसत होतं. आणि बाहेर पेटीत माझी बायको सांगते आहे की सहकुटुंब पाहावा.

रुचिका, आपल्या पुस्तकांच्या कपाटाचा नियम तुला ठाऊक आहे. दुकानातलं पुस्तक कोणीही फुकट न्यावं. परत आणताना मताची चिठ्ठी लिहून शेवटच्या पानाला चिकटवावी. न वाचताच बरं म्हणणाऱ्याला तुझी आजी दुसरं पुस्तक देत नसे. ती स्वतः पुस्तक संपलं किंवा सिनेमा पाहिला की त्याच दिवशीचं कॅलेंडरचं पान फाडून त्याच्यावरच मत लिहायची आणि पितळी डब्यात टाकायची. तो डबा मीच तुला दिला. तू चिठ्ठ्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकलेस, कुठे कुठे लोकांनी वाचले, मला अभिमान वाटला. आता विचारतो, ही चिठ्ठी कोणी लिहिली? खरं लिही.

राग वरचा आहे. खालची माया जागची हललेली नाही, ती हलू नये एवढं पाहा.

तुझा,
आबा


पुणे,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळ्यांनी पाहिलं, कारण इथे पत्र फक्त बँकेचं येतं. मी ते जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच रडले.

ती चिठ्ठी मी केली. म्हणजे मशीनकडून करवून घेतली. आजीच्या सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो मशीनला दाखवले, अक्षर शिकवलं, बोलणं शिकवलं. आता विषय सांगितला की दहा सेकंदांत आजीची चिठ्ठी तयार होते, कॅलेंडरच्या पानासकट.

पण सुरुवात अशी नव्हती, आबा. बंडूकाकांच्या दुकानातली धरून खऱ्या दोनशे चौदा चिठ्ठ्या होत्या. जुलैत शेवटची इन्स्टाग्रामवर टाकली. त्या दिवशी मला आजी पुन्हा गेल्यासारखं वाटलं. एक बाई रोज विचारायची, आज आजी काय म्हणतात? तिला संपलं म्हणून सांगवेना. पहिली खोटी चिठ्ठी केली ती आजीने खरंच वाचलेल्या एका कादंबरीवर. मला वाटलं, ती असंच म्हणाली असती. मग तिने न वाचलेल्या पुस्तकांवर. मग मालिकांवर. मग त्या सिनेमाच्या जाहिरातवाल्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. सिनेमा मी पाहिलाही नव्हता. तुम्ही पाहिलात, तेही बंडूकाकांना घेऊन, हे वाचून रडताना हसू आलं.

आता खरी अडचण. खऱ्या आणि खोट्या चिठ्ठ्यांचे फोटो एकत्र झालेत आणि काही ठिकाणी माझं मलाच कळत नाही. सगळ्या छापून या पत्रासोबत पाठवते आहे, तीनशे आहेत. मूळ डबा फोटो काढून मी परत दिला, तो तुमच्याकडे आहे. गहू निवडतो तसं निवडून द्याल? खोट्या मी काढून टाकीन आणि तसं सगळ्यांना सांगेन.

मला रागवा, पण अबोला धरू नका. पायांवर डोकं आहे असं समजा.

तुमची,
रुचिका


हिंगणघाट,
दि. २ डिसेंबर २०२५

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

अबोला धरायला मी काय रुसलेला जावई आहे?

आठ दिवस दुपारी गादीवर चिठ्ठ्या पसरून बसलो. तुझ्या बाबांना वाटलं मी पत्त्यांचा डाव मांडला. खोट्या ओळखायला डबा फारसा लागलाच नाही. खोटी आजी सदानकदा खूश असते. हे हृदयस्पर्शी, ते अंतर्मुख करणारं, अमुक प्रत्येकाने वाचावं. तुझी आजी लागोपाठ दोनदा खूश झालेली मी बावन्न वर्षांत पाहिली नाही. गाजलेल्या एका आत्मचरित्रावर तिने लिहिलं होतं, 'माणूस मोठा. पण चारशे पानांत बायकोने केलेला चहा एकदाच पितो.' रोज रात्रीच्या त्या मालिकेवर लिहिलं होतं, 'सुनेने सासूच्या खिरीत काय टाकलं ते कळायला आठवडा लागला. खीर नासली असेल.' तुझ्या मशीनला हे शंभर जन्मांत जमायचं नाही. मशीनची गोडी साखरेच्या पाकात बुडालेल्या माशीसारखी आहे. एकेक वाचताना शिसारी येत होती. अशा शहाऐंशी निघाल्या, वेगळ्या बांधून परत पाठवतो.

आता पुढचं लिहायला दोन दिवस लागले.

खऱ्या चिठ्ठ्यांत अकरा अशा आहेत की त्या कोणत्या गठ्ठ्यात ठेवाव्या, मला कळत नाही. कागद खरे, शाई खरी. अक्षर मात्र माझं. शेवटची दोन वर्षं आजीला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं आणि करोनाच्या भीतीने ऑपरेशन लांबत गेलं. आपल्याला दिसत नाही हे गावाला कळू नये अशी तिची इच्छा होती. म्हणून ती सांगायची आणि मी लिहायचो. जन्मभर लोकांची नावं कोरली, कोणतंही अक्षर उतरवता येतं मला. तिचं तर हुबेहूब उतरवलं. तुझ्या मशीनने केलं तेच.

इथवर ठीक होतं. दहा चिठ्ठ्यांत तिने सांगितलं तेच आहे. अकरावीत नाही.

बंडूजींनी तेव्हा आपल्या कवितांचं पुस्तक वर्ध्याहून छापून आणलं होतं. शंभर कविता. पहिली प्रत आजीला दिली, मी तिला सगळ्या वाचून दाखवल्या. तिने मत सांगितलं आणि माझा पेन थांबला. बंडूजी माझे पन्नास वर्षांचे मित्र. माझ्या आजारपणात रोज स्टेशनवरून पेपर आणून वाचून दाखवणारा माणूस. मी लिहिलं, 'गोड कविता. घरोघरी असाव्यात.' खाली सही केली, सौ. कौशल्या. बंडूजींनी चिठ्ठी मागून नेली, फ्रेम केली आणि दुकानात आरशाशेजारी लावली. कपडे घालून पाहणारा प्रत्येक माणूस ती वाचतो. तुझ्याकडे आहे तो त्या फ्रेमचाच फोटो.

गेल्या महिन्यात तुला मी किळस म्हणून लिहिलं. आता ती स्वतःची येते आहे, आणि ती जास्त वाईट लागते. तू अनोळखी माणसांना फसवलंस. मी तिचं बोलणं तिच्यासमोर बसून बदललं, आणि वाचून दाखव म्हणाली तेव्हा तिला तिचंच मत वाचून दाखवलं, लिहिलं होतं ते नाही.

येत्या रविवारी बंडूजींना जाऊन सांगणार आहे. मैत्री राहील की नाही, ठाऊक नाही. तिचं मत तरी तिचं राहील.

तब्येत जप, पोळी बाहेरून मागवू नको. आमची आठवण पत्रातून येऊ दे.

तुझा,
आबा


पुणे,
दि. ९ डिसेंबर २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

शहाऐंशी काढल्या. सगळं खरं लिहिलं. दोन दिवस शिव्यांचा पाऊस पडला. मेलेल्या बाईला विकलं म्हणाले. अर्धे लोक निघून गेले. सिनेमावाल्यांनी पोस्टर बदललं, आता तिथे कोणा क्रिकेटपटूचं मत आहे. रोज विचारणाऱ्या त्या बाईने एवढंच लिहिलं की आता तुमच्यावर विश्वास ठेवायला वेळ लागेल. तेच सगळ्यात लागलं.

पण आबा, तुम्ही बंडूकाकांना सांगू नका. रविवार टळला असेल तर तसाच राहू द्या. मी जे केलं ते हावेने केलं. तुम्ही मायेने केलंत. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आता कविताही करत नाहीत. त्या एका चिठ्ठीने कोणाचं काय बिघडलं? बाबाही हेच म्हणतात.

पहिल्यांदाच तुम्हाला सल्ला देते आहे. आगाऊपणा पोटात घाला.

तुमची,
रुचिका


हिंगणघाट,
दि. १७ डिसेंबर २०२५

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जाऊन आलो होतो. रविवारी नाही. रविवारी पाय निघाला नाही, पोट बिघडल्याचं निमित्त केलं. सोमवारीही केलं. मंगळवारी तुझ्या बाबांनी सांगितलं की आता डॉक्टरकडे नेतो, म्हणून उठलो.

बंडूजी कोणाच्या पोलक्याला काज करत बसले होते. त्यांची बायको ज्योत्स्नाबाई मागे मशीनवर. मी खुर्चीवर बसलो आणि आधी सिनेमांवर बोललो, मालिकांवर बोललो, हल्लीची पोरं जेवणाचे फोटो काढून गार जेवतात त्यावर बोललो. बंडूजी म्हणाले, प्रभाकरराव, तुम्ही अर्ध्या घंट्यापासून त्या फ्रेमकडे पाहून राह्यले, का झालं ते सांगून टाका. मग सांगून टाकलं. ही चिठ्ठी कौशल्येची नाही, माझी आहे.

बंडूजींनी सुई कापडात खोवली. म्हणाले, मले माहीत आहे.

पुस्तक दिल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तुझ्या आजीने त्यांना दारात बोलावून घेतलं होतं. ती म्हणाली, बंडूजी, हे वाचायला माणूस लागतो मला, पण बोलायला लागत नाही. आणि जे सांगायचं ते तोंडावर सांगितलं. निघताना म्हणाली, यांनी काहीतरी गोड लिहिलं असेल, ते चालवून घ्या, यांचा जीव आहे तुमच्यावर. म्हणजे तिला ठाऊक होतं, रुचिका. मी वाचून दाखवत होतो आणि तिला ठाऊक होतं.

मी विचारलं, मग फ्रेम काऊन लावली? तेव्हा पहिल्यांदा ते चिडले. म्हणाले, तुमची होती म्हणून लावली. पण चार वर्षं वाट पाहून राह्यलो का हा माणूस मले कधी खरं सांगते. मी का लहान लेकरू आहो, खरं ऐकून रडीन म्हणून? मले राग कवितेचा नाही आला, तुमचा आला. त्याच्यानंच लिहिणं सोडलं.

मला वर पाहवेना. त्यांनी उठून फ्रेम काढली, चिठ्ठी बाहेर घेतली, पालथी करून माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिला. म्हणाले, वहिनी जे बोलल्या ते लिहा आता.

मी लिहिलं: 'शंभर कविता, नव्याण्णव बायकोवर, आणि बायको एकदाही तोंड उघडत नाही. कवी भोळे आहेत.' खाली तिची सही न करता लिहिलं, कौशल्येने सांगितलं, प्रभाकरने लिहिलं.

बंडूजींनी चष्मा लावून वाचलं आणि चिठ्ठी माझ्याकडे परत सरकवली. म्हणाले, वहिनी 'भोळे' नव्हत्या म्हणाल्या. 'लबाड' म्हणाल्या होत्या.

मागे मशीन थांबली. ज्योत्स्नाबाई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. मी 'भोळे' खोडलं, 'लबाड' लिहिलं. बंडूजींनी चिठ्ठी फ्रेममध्ये घातली, आरशाशेजारी टांगली, सरळ लागली की नाही ते बायकोला विचारलं. त्या म्हणाल्या, जराशी डावीकडे.

आमच्यावरचा जीव असाच असू दे, आणि रागही येत असेल तर तोही लिहून कळवत जा.

तुझा,
आबा