गाडीचा सेल्फ मी बदलला

कात्रज, मंगळवार

प्रिय द्वारकाताई,

तुम्ही पाठवलेलं बाथरूमचं हँडल मिळालं. ड्रिलने भोकं पाडून मीच बसवलं, घट्ट बसलंय. बाबांनी डाव्या हाताने धरून बघितलं आणि छान झालं म्हणाले. तुमच्या सांगण्याप्रमाणे आंघोळीच्या वेळी दार आता नुसतं लोटून ठेवतो. उभा जन्म हेडमास्तरकी केलेला माणूस आतून मधूनमधून 'आहे, आहे' असा आवाज देतो, आणि मला तो ऐकवत नाही. पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही 'आधी माझं ऐक' म्हणता आणि मग मी ऐकतच बसते, म्हणून लिहितेय.

आपल्या जुन्या गाडीचा सेल्फ गेला होता, हे संजयने सांगितलं असेलच. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं आणि पुढे सामसूम. महिनाभर धक्का मारून चालू करत होतो. मी आत बसायची, मागून वॉचमन, बाबा आणि जो कोणी तावडीत सापडेल तो. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, ही गाडी आहे की पालखी?" गॅरेजवाला रोज उद्यावर ढकलत होता, आणि संजय हिंजवडीहून येतो तेव्हा त्याच्यात फक्त जेवण्यापुरता जीव असतो. मग मी व्हिडिओ बघायला लागले. ते चार दिवस बघितले की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला येतंच. आणि खरं सांगू? दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, रुपालीला गाडीतलं काय कळतं, एसीचं बटण. ते मला लागलं होतं. तुम्हाला दाखवायचंच होतं.

दहा दिवसांपूर्वी, शनिवारी सकाळी बसले कामाला. आधी बॅटरीची वायर काढली, मग सेल्फचे बोल्ट. वरचा बोल्ट सुटला, खालचा काही केल्या हलेना, अर्धा तास झटल्यावर सुटला. बाबा टॉर्च धरून उभे होते, सुटलेले बोल्ट-वॉशर वाटीत ठेवत होते आणि मागेन तो पाना नंबर मोठ्याने वाचून हातात देत होते. इतके खुशीत मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. जुना सेल्फ निघाला तो वरवंट्यासारखा जड, माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. नवीन बसवला, वायरी जोडल्या. आता किल्ली मारायची, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब बाई, नवी वस्तू हाय, लिंबाशिवाय चालू करू नाई." वर जाऊन लिंबू घेऊन आले आणि पुढच्या चाकाखाली ठेवायला वाकले.

गाडी गिअरमध्ये होती. आपल्या पार्किंगला उतार आहे, हँडब्रेक धरत नाही, म्हणून गाडी नेहमी गिअरमध्येच लावतो. महिनाभर किल्ली फिरवून काहीच होत नव्हतं, त्यामुळे किल्लीची भीतीच गेली होती. मी आत बसलेसुद्धा नाही. बाहेर उभी राहून खिडकीतून हात घातला, बाबा उठले का हे न बघता किल्ली फिरवली, आणि गाडीने पुढे उडी मारली. आणि ताई, मी टाळ्या वाजवल्या. 'झाला, झाला' म्हणून हसले. सेल्फ फिरला, एवढंच मला दिसलं होतं. बाबा कुठे आहेत ते त्यानंतर बघितलं. ते फरशीवर पडले होते, उजवा हात अंगाखाली, आणि मला म्हणत होते, "काई नाई झालं."

रिक्षात त्यांनीच ठरवलं, बाथरूममध्ये घसरलो असं सांगायचं. "गाडीचं नाव काढू नको. तुले बोलतीन सारे." डॉक्टरांना त्यांनी तसंच सांगितलं. मी शेजारी एक्स-रे घेऊन उभी होते, तोंड उघडलं नाही. प्लॅस्टर घालून घरी आलो. संध्याकाळी संजयने एका किल्लीत गाडी चालू केली आणि ग्रुपवर टाकलं, 'आमच्या घरचा मेकॅनिक'. तुम्हीसुद्धा अंगठा पाठवलात. मी सगळ्यांना थँक्यू लिहिलं. बाबा पलीकडे डाव्या हाताने वरणभात खात होते. मला माझी इतकी लाज वाटते की त्यांच्या ताटात वाढतानाही मी वर बघत नाही.

रविवारी तुम्ही त्यांना कायमचं वाशीमला न्यायला येताय. बाबांचा आता तोल जातो, दिवसभर घरात कोणी नसतं, हे तुमचं म्हणणं लेक म्हणून बरोबरच आहे. बाबा लगेच हो म्हणाले. बागेतल्या मित्रांचा निरोप घेऊन आले, कुंड्या शेजारच्या श्यामलाकाकूंना देऊन टाकल्या. हसत हसत सांगतात, लेकीकडे चाललो. पण काल दुपारी मोकळ्या गॅलरीत नुसते उभे होते. माझं नाव घेण्यापेक्षा ते हे घर सोडतील, म्हणून तुम्हाला लिहितेय. संजयला आज रात्रीच सांगते, आणि हे पत्र उद्या कुरिअरने निघेल. रविवारी तुम्ही नक्की या. मला सगळ्यांसमोर बोला, मी ऐकून घेईन. फक्त तुम्हाला सगळं कळलंय असं बाबांना सांगा आणि मग एकदा विचारा, त्यांना यायचंय का. त्यांचा तोल गेला नव्हता, ताई. किल्लीपाशी मी आहे म्हणून ते निर्धास्त वाकले होते.

तुमचीच,
रुपाली