इंजिन थंड असताना

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

निर्णय झाला. गाडीचं टॅपेट सेटिंग मी स्वतः करणार. बरेच महिने इंजिनातून टकटक येते, कोणीतरी आतून दार ठोठावल्यासारखी. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, व्हॉल्व्हच्या डोक्यावर जी फट असते ती वाढलीये, एक दिवस गाडी सोडून जा. मी म्हटलं, सोडता येणार नाही, गाडी रोज लागते. कुठे जायला, असं त्याने विचारलं. उद्धट माणूस.

मी वजनमापे खात्यातून रिटायर झालोय. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासले. बारीक मापात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. एक फट ती काय!

मुदत २२ तारखेपर्यंत. २३ ला रविवारी हिच्या वाचनालयात मुलांच्या विभागाचं उद्घाटन आहे. तिथे गाडीनेच जाणार. टकटक करत नाही जाणार.

(नोंद: ही तिकडे तात्पुरती आहे. प्रमोशनवर मुख्य ग्रंथपाल म्हणून बदली झाली. मीच जा म्हणालो. तोवर तिचं सामान बांधून झालं होतं, पण परवानगी ती परवानगी.)

५ फेब्रुवारी

फिलर गेज आणलं. पोलादी पट्ट्यांचा पंखा. प्रत्येक पट्टीवर जाडी लिहिलेली, सगळ्यात पातळ पट्टी कागदाहून पातळ. फटीत पट्टी सरकवायची, किंचित अडत गेली की माप बरोबर. दुकानदाराने विचारलं, काम कोण करणार? म्हटलं, मीच. तो म्हणाला, "हं."

घरी हात बसावा म्हणून कपाटाच्या दाराची फट मोजली. मग फ्रिजची, मग खिडकीची. बेडरूमच्या दाराची फट वर एक, खाली एक. इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. दिवस छान गेला.

संध्याकाळी हिचा फोन. रविवारी तिथल्या मैत्रिणींबरोबर टेकडी चढून आली. खूप हसत होती. माणूस एकटा पडला की असं हसतो. मी तिला फ्रिजच्या फटीबद्दल सांगितलं.

६ फेब्रुवारी

गाडीबरोबर मिळालेल्या दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलंय, इंजिन पूर्ण थंड असतानाच काम करावं. म्हणजे पहाटे. पहाटे उठलो नाही. उठलो तेव्हा बॉनेटवर ऊन आलं होतं. नियम म्हणजे नियम. उद्या.

७ फेब्रुवारी

इंजिन थंड होतं, पण मला जरा कणकण.

९ फेब्रुवारी, दुपार

इंजिनावरचं कव्हर काढलं! आत सगळं तेलात न्हालेलं, चकचकीत. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ओळीने बसलेले, शाळेतल्या मुलांसारखे. बघतच राहिलो. एक बोल्ट खाली पडला. जमिनीवर नाही. म्हणजे गाडीतच कुठेतरी आहे, म्हणजे हरवलेला नाही.

घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. इंजिन हाताने फिरवायला पुलीच्या बोल्टला पाना लावायचा, तो खाली. आणि कुठला व्हॉल्व्ह बंद झाला ते बघायचं वर. खाली वाकलं की वरचं दिसत नाही, वर बघितलं की पाना सुटतो. माझा हात वीतभर कमी पडतो. ज्याने हे इंजिन बनवलं त्याच्या घरात माणसं जास्त असणार.

१० फेब्रुवारी

युक्ती! हिचा हातातला आरसा कव्हरच्या जागी दोरीने बांधला. खाली वाकून पाना फिरवत आरशात बघायचं. रॉकर दिसले नाहीत, माझंच तोंड दिसलं. दाढी बरीच वाढलीये. ही कधी वाढली? समोर कोणी नसलं की दाढी गुपचूप वाढते.

तळमजल्यावरच्या सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. नर्सची नोकरी संपली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी धरू का काही?" मी म्हटलं, हे एकट्याचं काम आहे, दोघं झाली की गोंधळ होतो. त्या म्हणाल्या, "तेही खरंच." पण गेल्या नाहीत, भाजी निवडत जिन्यावर बसल्या. मला निरीक्षणाखाली काम जमत नाही. खात्यात निरीक्षक मी होतो.

१३ फेब्रुवारी

कंबर धरली. आडवा पडून तांत्रिक विचार केला. ही असती तर पाना तिने फिरवला असता आणि मी वरून सूचना दिल्या असत्या. इथेच कुटुंबाचा उपयोग असतो. काल रात्रीसाठी अंडी उकडली. सवयीने चार. उरलेली दोन आज सकाळी खाल्ली. अशीच दोन कालही सकाळी खाल्ली.

१४ फेब्रुवारी

सिस्टरना पाना दिला. त्यांनाच वाईट वाटू नये म्हणून.

बाई ताकदवान आहेत. मी "जरा" म्हणायचो, त्या अर्धा फेरा मारायच्या. तरी पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद स्थितीत आले, मी नट सैल केला, स्क्रू फिरवला, पट्टी सरकवली. किंचित अडली! त्या म्हणाल्या, "झालं?" मी म्हटलं, एक झालं. दोघंही उगाचच हसलो.

मग त्यांनी विचारलं, वहिनी परत कधी येणार? मी म्हटलं, तात्पुरती बदली आहे. त्या म्हणाल्या, "तात्पुरतीला शिलाई मशीन नेतं का हो कोणी?" मी म्हटलं, तिला शिवणाचा विरंगुळा लागतो. त्या म्हणाल्या, तेही खरंच. या बाईंचं "तेही खरंच" मला आवडत नाही.

नंतर त्यांना दवाखान्यात कोणाला तरी भेटायला जायचं होतं. बाकीचं उद्या करू म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी

उद्या कशाला? माणसांवर अवलंबून राहणं वाईट. आज दोरी, आरसा, कंबरपट्टा आणि शिव्या यांच्या जोरावर उरलेलं एकट्याने उरकलं.

शिवाय पुस्तकात सुधारणा केली. पुस्तक म्हणतं, फट ठेवा. का ठेवा? आवाज फटीमुळेच येतो. फट म्हणजे ढिलाई. मी आयुष्यात तोळ्याचा फरक चालवून घेतला नाही. तेव्हा सगळे स्क्रू असे आवळले की सर्वांत पातळ पट्टीसुद्धा आत शिरणार नाही. काल सिस्टरसमोर ठेवलेली फटही मिटवली. जिथे जागाच नाही तिथे आवाज कुठून येणार? इंजिन बनवणाऱ्यांना हे सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

१६ फेब्रुवारी

कव्हर बसवलं. एक बोल्ट कमी. चावी फिरवली. स्टार्टर गरगर फिरला. टकटक पूर्ण बंद.

गाडी चालू झाली नाही, ती गोष्ट वेगळी.

१७ फेब्रुवारी

बॅटरी उतरली. आता गाडीतून कसलाच आवाज येत नाही. इतकी शांतता मी मागितली नव्हती.

१८ फेब्रुवारी

हिचा फोन. विचारलं, रविवारी येताय ना? मी म्हटलं, गाडी जवळजवळ तयार आहे. ती म्हणाली, अहो, सकाळी बस असते, नाश्त्याच्या वेळेला पोचाल. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. त्यावर ती म्हणाली, दिवाणखान्यातला पडदा शिवायचा होता तेव्हा तुमचा टायर होता, मी आजारी होते तेव्हा ब्रेक होता, आता इंजिन आहे. "गाडी बरी नसली की तुम्हाला बरं वाटतं."

बायकांना यंत्रातलं कळत नाही. फोन ठेवल्यावर कुठला ब्रेक ते आठवायचा प्रयत्न केला. मागचा, डाव्या बाजूचा. त्याला काही झालेलंच नव्हतं, मी फक्त उघडून पाहिला होता. ती आजारी होती, हे मात्र आठवेना. ताप असेल. ती सांगितल्याशिवाय राहिली नसेल.

१९ फेब्रुवारी

पुस्तकाचं पुढचं पान कॉफी सांडून चिकटलं होतं. वाफेवर धरून सोडवलं. लिहिलंय की इंजिन तापलं की धातू वाढतो. थंड असताना जागा सोडली नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आतला दाब निसटतो, इंजिन पेट घेत नाही. नेट लावून चालवलंच तर व्हॉल्व्ह जळतो. आणि जळताना आवाज करत नाही.

हे त्यांनी पहिल्या पानावर लिहायला हवं होतं.

२० फेब्रुवारी

सिस्टरच्या दारावर गेलो. म्हटलं, पाना फिरवण्यात त्या दिवशी थोडी चूक झाली होती. कोणाची ते बोललो नाही. त्या स्वेटर चढवून लगेच आल्या. आज पुस्तकात लिहिलंय तसंच केलं, एकेक व्हॉल्व्ह, एकेक पट्टी, घाई नाही. मी "जरा" म्हटलं की त्या जराच फिरवत होत्या.

मधेच म्हणाल्या, आमचे हे गेले तेव्हा पहिलं वर्षभर मी रोज दोन कप चहा करत होते. मग? मी विचारलं. त्या म्हणाल्या, मग काय, दुसराही मीच प्यायचे. सवय झाली. आता दोनच लागतात.

मी स्क्रू धरून नट आवळत होतो. स्क्रू फिरला तर माप बिघडतं.

२२ फेब्रुवारी, सकाळ

गॅरेजवाल्याकडून बॅटरी चार्ज करून आणली. कव्हरच्या पॅकिंगला थोडं तेल पाझरतंय, पुसलं. हरवलेला बोल्ट बॅटरीखालच्या खाचेत सापडला. चावी फिरवली.

चालू! पहिल्या दमात! नुसती मऊ घरघर. फार कान दिला तर तळाशी हलकीशी टिकटिक, आणि पुस्तक म्हणतं तेवढी हवीच. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना शेजारी बसवून चौकापर्यंत नेऊन आणलं. त्या खिडकीतून सगळ्यांना हात दाखवत होत्या.

आता आयुष्याची घडी बसवणं आलं. उद्या कार्यक्रम झाला की तिला सांगणार, "चल, गाडी खाली उभी आहे." एवढंच. जास्त बोललं की बायका मुद्दा भरकटवतात. मागची सीट रिकामी केली, शिलाई मशीन मावावं म्हणून. तिच्या बाजूचं कपाट पुसून घेतलं. दाढी केली. कापलं.

२४ फेब्रुवारी

काल गेलो. वेळेवर पोचलो. वाटेत घाटासारखा एक चढ आहे, गाडीने हूं की चूं केलं नाही.

हॉल भरलेला. मागच्या ओळीत जागा मिळाली. हिने भाषण केलं. हातात कागद नाही, मान ताठ, मधे दोनदा लोक हसले. घरात ती इतकी सलग कधी बोलली नव्हती. किंवा बोलली असेल. रंगाऱ्याचे आभार मानले, सुताराचे मानले, टेकडीवाल्या मैत्रिणींचे मानले. मी कॉलर नीट केली. मग चहा जाहीर झाला.

मला बघून तिला खरंच आनंद झाला. हे मी फुगवून लिहीत नाही. माझा हात हातात घेतला, काळी नखं बघितली, आणि सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे. गाडी स्वतः दुरुस्त करून आलेत." एक मैत्रीण म्हणाली, मोठंच कौशल्य. मी माझं वाक्य बोललो. चल, गाडी खाली उभी आहे.

तिला वाटलं, गाडी दाखवायचीये. लगेच आली. शेजारी बसली, मी इंजिन चालू केलं, तिने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, छान वाजतेय हो. वरून हाका येत होत्या, फोटोसाठी थांबले होते. ती म्हणाली, आज राहा ना, दोन खोल्या आहेत, खिडकीतून नदी दिसते, तुम्हाला आवडेल. मी म्हटलं, घरी दूध आहे. ती म्हणाली, बरं, आणि दार उघडून एक पाय खाली टाकला.

तेव्हा मी विचारलं. परत कधी येतेस. असं, सरळ. ती उतरली, दार हळूच लावलं, काचेवर दोन बोटं टेकवली आणि वर गेली.

एकटाच परत आलो. दूध नासलं होतं.

आज दिवसभर विचार करतोय. बहुतेक तिला ऐकू गेलं नसावं. इंजिन चालू होतं ना.

पण इंजिनाचा आता आवाज येत नाही.