खाडीकाठाचा वेगळा पेटा

कार्तिक वद्य २, शके १८१०
पौर्णिमेच्या उधाणात बांध फुटला. कापायला आलेल्या भातात खारं पाणी. गावाबाहेर जायची पायवाट बांधावरूनच होती, तीही गेली. आज होडीने कल्याणच्या कचेरीत वर्दी द्यायला गेलो. कारकून पान लावत बसलेला. "कुठलं गाव?" सांगितलं. "ते भिवंडीकडे ना?" अरे, तुमच्याच तालुक्यातलं! सारा घेताना बरं सापडतं. मामलेदार मुरबाडकडे दौऱ्यावर. कधी येतील? "येतील तेव्हा येतील."
गावचा पाटील मी, डोक्यावर पागोटं, आणि उभा केला दाराबाहेर, चपलांपाशी.

कार्तिक वद्य ७
कोणी आलं नाही. आम्हीच लागलो. बाप्ये, बाया, सगळे चिखलात. कोळीवाडाही आला. बांधाच्या उघाडीवर, पाणी सोडायच्या दारावर, जाळी कोणी लावायची यावरून त्यांची आमची पिढ्यांची भांडणं, तरी आले. हिराय कोळीण मातीची पाटी घेऊन सगळ्यांच्या पुढे. या वयात! धाकट्या भावाने, महादूने, तिवरं तोडून मेढी ठोकल्या म्हणून माती टिकली. नाहीतर सगळी वाहून जाती.

कार्तिक वद्य १२
सरकार आलं. बांध बघायला नव्हे. शिपाई आले आणि महादूला धरून नेलं. खाडीतली तिवरं सरकारी, परवानगीवाचून तोडली, हा गुन्हा. परवानगी कुठे मिळते? कल्याणला! फुटलेल्या बांधाची वर्दी यांच्या कानावर जात नाही, कुऱ्हाडीचा आवाज बरोबर जातो.
महादूची बायको ओट्यावर बसून आहे, रडतही नाही.  दिवा मालवतो. पुरे.

मार्गशीर्ष शु. ३
गावदेवीपुढे सभा. काठावरच्या सगळ्या गावांतून माणसं आली. कल्याणचे दिनकरराव वकील आले, महादूचं काम तेच चालवतात. बोलले छान. "कल्याणातून फुटून निघा. खाडीकाठाचा वेगळा पेटा मागा, तालुक्याच्या पोटातला छोटा तालुकाच म्हणा. मामलेदाराच्या जागी तुमचा स्वतंत्र महालकरी, तुमची स्वतःची कचेरी."  इतकी वर्षं हेच तर पोटात होतं, शब्द नव्हता.
म्हातारे कुरकुरले, सरकारला राग येईल. हिराय उठली. "येवदे राग! मंजे आमी हाव येवढा तरी त्याला कललं."
सगळे हसले. मला हसू आलं नाही.
अर्जावर सह्या, अंगठे. आगरी-कोळी एका रांगेत.

मार्गशीर्ष वद्य ५
म. सुटला. दि.रावांनी सोडवला, त्यांचे उपकारच. पण पोरगा पार बदललाय. कोठडीत काय झालं सांगत नाही. बांधाकडे फिरकत नाही. कुऱ्हाड आत टाकून ठेवली. याचा जाब कोणाला विचारू?

मार्गशीर्ष वद्य १०
कल्याणला दि.रावांकडे. अर्ज ठाण्याला गेला म्हणाले. मग सहज बोलल्यासारखं, "कचेरी डोंबिवलीच्या ठेसनाजवळ मागितली आहे."
ठेसनाजवळचा माळ त्यांच्या मेव्हण्याचा. अख्ख्या कल्याणला ठाऊक.
"आम्हाला विचारलंत?"
"पाटील, अधिकारी आगगाडीने येणार. त्याला काय चिखलात बसवायचा?"
"आम्ही बसतोच ना चिखलात!"
"आधी पेटा पदरात पडू द्या. आपसात भांडलात तर काहीच मिळायचं नाही."
यात थोडं खरं आहे, म्हणून जास्त झोंबलं. पण डोंबिवलीला जायलाही तीच होडी, तीच भरतीची वाट. साहेबाला उतरायला सोपं, दि.रावांच्या मेव्हण्याला सोन्याचं, आणि आम्ही आहोत तिथेच. आमच्या अंगठ्यांवर!
चहा पुढे आला होता. न घेता उठलो.

पौष शु. ३
अर्जाच्या चौकशीला ठाण्याहून गोरा साहेब आलाय, तळ आंबिवलीला. मी, हिराय गेलो. म. ला नेलंच, नको नको म्हणत होता. दि.राव आधीच तंबूत, खुर्चीवर. आम्ही उन्हात.
डोंबिवलीची कचेरी नको म्हणताच साहेबाचा शिरस्तेदार म्हणाला, "अर्ज तुमचा. सह्या तुमच्या. आता नको?"
हिराय म्हणाली, "पेटा नको नाय म्हनलं. कचेरी लांब नको म्हनलं. आयकाल का नीट?"
साहेबाला मोडकं मराठी येतं. हसला. "मी येऊन पाहील. अष्टमीला." म्हटलं, साहेब, अष्टमीला दुपारी खाडीत पाणी नसतं, पुनवेला या. शिरस्तेदार मध्येच, "साहेबांचा दौरा तुमच्या चंद्रावर चालत नाही."
वाटेत म. एवढंच बोलला, "मिलतंय ते घे दादा. मला परत आत नाय जायाचा."
काठावरची बरीच गावंही हेच म्हणायला लागलीत. चिडून काय करू? थकलेत.

पौष शु. ८
आले. साहेब, शिरस्तेदार, दि.राव, एक शिपाई, सगळे एकाच होडीत. ओहोटी लागलेली. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर होडी गाळात बसली. गाव सगळं बांधावर जमलेलं. होडीतला शिपाई ओरडतोय, "पाटील, माणसं पाठवा! साहेबांना उचलून न्या!"
कोणी हललं नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते. हुकूम द्यायचं काम माझं. दिला नाही.
हिराय म्हणाली, "बसूंदे. भरती आली का येतील."
म. कानाशी, "दादा, पाठव ना रे."
शेवटी धोतर खोचून मी उतरलो. एकटाच. मांडीएवढा गाळ. होडीला हात लावला नाही, शेजारी उभा राहिलो. उन्हाने साहेबाचं तोंड लाल. "पाटील, हे काय?"
म्हटलं, "हेच बघायला आलात ना साहेब? अडलेली बाळंतीण असो, फिर्याद द्यायला निघालेला असो, सगळे इथेच बसून राहतात."
दि.राव म्हणाले, "मग कचेरी काय या गाळात बांधायची?"
"आधी बांध पक्का करा, रस्ता होईल. कचेरीची जागा तिथे उभं राहून ठरवू. आम्हाला विचारून."
 साहेबाने दि.रावांना इंग्रजीत काही विचारलं. दि.राव काही बोलले. साहेबाने तेच पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात. या खेपेला दि.राव गाळाकडे बघू लागले. काय विचारलं ते देव जाणे.
संध्याकाळकडे पाणी चढलं. होडी सुटली आणि काठाला न लागता परत वळली. जाताना शिरस्तेदार, "पाटीलकी सांभाळा."
हिराय म्हणते, बघ, पेटा होनार, आन आपल्याच काठाला होनार. बाकी गावांतून निरोप, हे काय करून बसलात? उद्या पुन्हा सभा.
म. जेवला नाही. दारात बसून होता. विचारलं, "धरायला येतील, दादा?"
म्हटलं, आले तर होडीनेच येतील. लांबून दिसतील.