शेडचा राखणदार

गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९६

प्रिय शालन,

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. करंज्यांचं वर्णन इकडे पाठवतेस आणि करंज्या मात्र तिकडेच संपवतेस, हा कुठला गं न्याय? तुझी लेक ज्ञानेश्वरी तुझ्या खांद्याच्या वर गेली हे वाचल्याबरोबर आमची सबिहा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मला खूण करायला लावली. आठवीत गेली तरी ज्ञानेश्वरीशी बरोबरी काही सुटत नाही. कोपरखैरण्याची आपली ती दोन घरं आठवतात. मधे एकच भिंत, आणि तू भिंतीवर लाटणं आपटलंस की मी समजायचे, चहा झाला. इथं शेतावरच्या घरात भिंतीपलीकडे नुसतं वारं आहे. तुझी आठवण नेहमीच येते, पण हा महिनाभर जरा जास्तच येतेय. का, ते सांगायलाच बसलेय.

तू विचारलंस, शेड कशी झाली, पत्रे कुठल्या रंगाचे घातले. तू सासूबाईंच्या आजारपणासाठी गावी गेलीस तेव्हा इथं नुसते खड्डे खणलेले होते, म्हणून तुला काहीच ठाऊक नाही, आणि तुझे यजमान धनाजीभाऊ तर मोजकंच बोलणारे. शेड झोकात झाली. खाली कोबा, कमरेइतकी विटांची भिंत, वर लोखंडी अँगल आणि निळे पत्रे. पूर्वी काकडी, शिराळी, घोसाळी तोडून बांधावर ठेवायचो. वाशीच्या मार्केटचा टेम्पो येईपर्यंत उन्हानं निम्मा माल माना टाकायचा. आता सावलीत निवडतो, धुतो, करंड्या भरतो. तुझे मकबूलभाऊ त्या शेडमध्ये असे फिरतात, जणू लग्नाचा हॉलच बांधलाय. अब्बा गेल्यावर गाळ्यावरची नोकरी सोडून ते शेतीत उतरले, तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं. ही शेड उभी राहिली तेव्हा कुठं आमचं घर उभं राहिलं. ती गेली तर आम्हाला परत भाड्याची खोली आणि दुसऱ्याचा गाळा. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

परवानगी घेतली नव्हती. इथं कोणीच घेत नाही गं. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, शेतातली शेड, तिला कसली परवानगी, बांधा खुशाल. सगळ्यांचा मंत्र एकच, आधी बांधा, मग बघू. पण नवं शहर आता तळोज्याच्या पुढं सरकतंय. माणसं नकाशे घेऊन फिरायला लागली आणि शेतातल्या प्रत्येक बांधकामावर लाल रंगानं आकडे टाकायला लागली. एका सकाळी आमच्याही भिंतीवर आकडा आला. मी तो घासून काढायला गेले, तर हे ओरडले, सरकारी खूण आहे, हात लावू नकोस. तेव्हापासून काकडी निवडताना माझी नजर त्या आकड्यावरच. रस्त्यावर मोटारसायकल थांबली तरी करंडी टाकून बांधावर जाऊन बघते.

त्या दिवसांत धनाजीभाऊ इथंच होते. मार्केटातली हमाली सोडून कायमचं गावी यायचं त्यांचं ठरलं होतं. तरी ते सुटीच्या दिवशी यायचे आणि ह्यांच्याबरोबर पत्रे चढवायचे, खिळे मारायचे. मजुरीचं नाव काढलं तर रुसायचे. लाल आकडा बघून त्यांनाही चैन पडेना. जायच्या आदल्या रविवारी ते ओढ्यातून एक गोटा खांद्यावर घेऊन आले, चांगला हंड्याएवढा. शेडच्या पुढच्या कोपऱ्यात, बाहेरच्या अंगाला, तो मांडला, शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि आम्हाला म्हणाले, “आता बघतूच कोण हात लावतंय शेडला. देवाच्या अंगावर बुलडोझर घालायचं कुणाचं काळीज न्हाय.” हे हसले. म्हणाले, धन्या, शेतात बुजगावणं उभं करतात तसं तू शेडला केलंस. धनाजीभाऊ पण हसले. शालन, हे त्यांनी तुला कधी सांगितलं नसेल, हो ना? मला वाटतच होतं. त्यांच्या मनात पाप नव्हतं, जीव लावून केलं. आणि मी बघत होते, नारळ फोडण्याआधी त्यांनी चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. बुजगावण्यापुढं कोणी डोळे मिटत नाही.

उन्हाळ्यात खरोखरच बुलडोझर आला. रस्त्याकडेची दोन बांधकामं त्यानं डोळ्यांदेखत आडवी केली. आमच्या शेडपाशी येऊन थांबला. चालवणारा माणूस खाली उतरला, शेंदराकडे बघितलं, कानाला हात लावले आणि मशीन वळवून निघून गेला. त्या दिवशी मी आणि हे इतके हसलो की सबिहा घाबरून बाहेर आली. आता वाटतं, इतकं हसायला नको होतं.

मग भातलावणीला पलीकडच्या पाड्यावरच्या बाया आल्या. त्यांच्यात मालतीबाई म्हणून एक आहे, कामाला वाघीण आणि तोंडानं त्याहून. तिनं आल्या आल्या गोट्यापुढं दोन जास्वंदी ठेवल्या. तिच्या सुनेला सात वर्षं मूल नव्हतं. गणपतीनंतर दिवस राहिल्याचं कळलं आणि ती बाई शेतात नाचत आली, “सकिनाबाय, मना पावला यो देव! जागृत हाय!” मी काय बोलणार? हो म्हटलं. तिला हा गोटा ओढ्यातून आलाय हे सांगायची माझी छाती झाली नाही. तिनं पाड्यावर सांगितलं, पाड्यानं गावात सांगितलं. आता दर मंगळवारी माणसं येतात. कोणी घंटा टांगली, कोणी भगवा झेंडा लावला. सगळ्यांचं म्हणणं एकच, देव आपोआप वर आला. पाड्यावरचा नामा म्हणून एक पोरगा आहे, तो तर वर्गणी काढून मांडव घालायच्या गोष्टी करतो. तसा वाईट नाही, मला भाभी भाभी करतो, पाण्याची मोटर बिघडली तर धावत येतो. पण परवा सहज बोलून गेला, “भाभी, देवाची जागा आता देवाची ना?” मला त्या सहज बोलण्याचीच जास्त भीती वाटली.

तुला म्हणून सांगते, तिथलं अंगण मीच झाडते. मंगळवारी माणसं येतात, बाकीच्या दिवशी सुकलेली फुलं, नारळाच्या शेंड्या, कुत्री. उद्या कोणी म्हणायला नको की मकबूलच्या बायकोनं देवापुढं घाण ठेवली. पहिल्यांदा भीतीनं झाडलं, आता हाताला सवय झालीय. शेंदराला माझा पदर लागू नये म्हणून आखडून चालते. नमाजाला बसले तरी कान घंटेकडे. अल्लाहला काय वाटत असेल आणि त्या गोट्यात कोणी असेलच तर त्याला काय वाटत असेल, दोघांचीही मला भीती वाटते. हसू नकोस.

आता खरी पंचाईत ऐक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं आम्हीच केलं. ह्यांनी विचार केला, असं चोरासारखं किती दिवस राहायचं, रीतसर अर्ज करू, दंड भरू, शेड कायम करून घेऊ. अर्ज केला. पाहणीला एक साहेब आले. माणूस सज्जन निघाला गं, तोच तर घोटाळा झाला. लाचखाऊ असता तर काहीतरी मार्ग निघाला असता. चहा प्यायले, माप घेतलं, म्हणाले, शेतमालासाठी शेड आहे, मंजुरीला हरकत नाही. मग कोपऱ्यात आले. घंटा बघितली, झेंडा बघितला, पेन खिशात ठेवलं. म्हणाले, “मकबूलभाई, हे सार्वजनिक देवस्थान झालं. शेतीची शेड म्हणून मी कसं लिहू? मी पुढच्या बुधवारी परत येतो. त्या दिवशी जे दिसेल ते लिहीन.” नुसती शेड दिसली तर मंजुरी. देवस्थान दिसलं तर अर्ज नामंजूर आणि पाडायचा हुकूम, आणि या वेळी पोलीस घेऊन. जाताना दाराशी माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ताई, जपून करा. त्यांना सगळं कळलं होतं.

भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झालीय. गोटा राहिला तर शेड जाते. बरं, शेड पाडताना गोट्याला धक्का लागला तर लोक कोणाला धरतील? अर्ज कोणी केला, मकबूलनं. आणि गोटा आम्ही हलवला तर? शालन, तुला त्र्याण्णवचा जानेवारी आठवतो ना? सबिहाला तू ज्ञानेश्वरीच्या पांघरुणात झोपवलंस, आणि आपली मोरी सोडून दिवसभर माझ्या उंबऱ्यावर भांडी घासत बसलीस. घासलेलीच परत घासत होतीस. येणाऱ्या-जाणाऱ्यानं दारात तुला बघावं आणि पुढं जावं म्हणून. त्याबद्दल आपण नंतर कधी एक शब्द बोललो नाही. मी तुझे आभारसुद्धा मानले नाहीत, कारण मानले असते तर ते सगळं खरंच घडलं होतं असं झालं असतं. आज मानते. इथली माणसं चांगली आहेत, शपथेवर सांगते. मालतीबाई माझ्या घरची भाकरी खाते. पण तेव्हाही आजूबाजूला चांगलीच माणसं होती.

मी आडून आडून मालतीबाईला विचारलं, देवाला दुसरीकडं न्यायचं झालं तर कसं करतात? ती म्हणाली, “ज्यानं बसवला त्यानंच उठवायचा. दुसऱ्यानं हात लावला तं कोप होतो.” मग स्वतःच हसली, “पन ह्याला कोनी बसवलाच नाय, तं उठवनार कोन?” मी करंड्या आवरायच्या निमित्तानं आत निघून गेले.

ह्यांना म्हटलं, धनाजीभाऊंना कळवा. तर भडकले. म्हणाले, धन्यानं माझ्यासाठी केलं, आता मी त्याला चार गावांसमोर उभा करू? लोक त्याला म्हणतील ओढ्यातला दगड आणून देव म्हणून फसवलंस. त्याला यात ओढायचं नाही, विषय बंद. तेव्हापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात आणि सबिहाशी उगाच फार बोलतात. काल तिला शेडमधला पंप कसा चालू करायचा, टेम्पोवाल्याला माल कसा मोजून द्यायचा, असं सगळं समजावून सांगत होते. आठवीतल्या पोरीला. मला तिथं उभं राहवेना.

आज मी हे लिहायला का बसले, ते आता सांगते. सकाळी हे मला म्हणाले, “मी बसवू दिला, मीच उचलणार. सोमवारी पहाटे. मंगळवारच्या गर्दीच्या आधी. तू सबिहाला घेऊन रविवारीच मामूकडे जा.” त्यांचं ठरलंय, आणि त्यांचं ठरलं की मी काय, कोणीच बदलू शकत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी जाणार नाही, तेही ठरलंय. तुमच्या गावात फोन वाण्याच्या दुकानात, तिथं अर्धं गाव ऐकतं, म्हणून हे पत्र. मार्केटातला तुमचा सयाजी उद्या गावी निघतोय, त्याच्या हातात देतेय. शालन, वाचून होताच धनाजीभाऊंना वाचून दाखव. आणि रविवारी दिवसाउजेडी तुम्ही दोघं या, एसटीनं या, ट्रकनं या, पण या. धनाजीभाऊंना खोटं काही बोलायला लागणार नाही. फेटा बांधून मालतीबाईसमोर, नामासमोर, सगळ्या पाड्यासमोर एवढंच म्हणायचं, देव मी बसवला होता, आता माझ्या शिवारात नेतो. त्यांनी डोळे मिटले होते, मी पाहिलंय, म्हणजे हे खरंच आहे. तुमच्या बांधावर त्याला चांगली जागा दे. रोज झाडायला लागते, सांगून ठेवते. मी तुझ्याकडे आजवर मिठाशिवाय काही मागितलं नाही. आता एवढंच मागते. ह्यांचे हात त्या देवाला लागायच्या आत धनाजीभाऊंचे हात लागू देत.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
सकिना