सुमित्राबाईंची केस उत्तम चालली आहे

४ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. मनाच्या डॉक्टरने स्वतःचं मन रोज साफ ठेवावं, म्हणून लिहितोय.

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटचं पहिलं वर्ष संपत आलं. सप्टेंबरअखेर एक केस पूर्ण मांडायची: माणसाला त्रास काय होता, आपण काय केलं, फरक काय पडला. नाही मांडली तर दुसरं वर्ष नाही. आमच्या बॅचच्या पायलच्या तीन केसेस चालू आहेत. माझी एकही नाही, कारण माझ्याकडे आलेले सगळे पहिल्याच खेपेला बरे झाले. परत आलेच नाहीत.

७ ऑगस्ट
ओपीडीची किळस येते. माणसं रडतात ते समजू शकतो, पण नाकाचं काय? आजच्या गृहस्थांनी वापरलेला टिश्यू टेबलावर ठेवला. माझ्या बाजूला. मी तो पेनाने हळूहळू पलीकडे सरकवत होतो. ते त्यांच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होते. नंतर पेन फेकून दिलं. जाताना म्हणाले, पुढच्या आठवड्यात जमणार नाही. म्हणजे हेही बरे झाले.

माणसं सोडली तर हे प्रोफेशन उत्तम आहे.

१० ऑगस्ट, रात्र
वैताग. आमच्या शिरवणे गावाच्या नाक्यावर बाबांनी फ्लेक्स लावलाय. ‘डॉ. मितेश वामन घरत यांचे हार्दिक अभिनंदन.’ माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप, कॉम्प्युटरवर चिकटवलेला. खाली शुभेच्छुकांची तोंडं, जासईचा मामा गॉगलसकट. बाबांना म्हटलं, मी अजून डॉक्टर झालेलो नाही. तर म्हणाले, ‘व्हशील ना? मंग? फ्लेक्स काय दोनदा छापाचा?’

लगेच शेजारची केशरबाई दारात. मी मनाचा डॉक्टर आहे, हे तिला सविस्तर समजावलं. ती म्हणाली, ‘मन मंग बग, आदी गुडगा बग.’ शेवटी मलम चोळून दिलं. हाताचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही. शी.

१८ ऑगस्ट
मिळाली. सुमित्राबाई, कोपरखैरणे. मूळच्या नांदेडकडच्या, शाळेच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. इस्त्रीची साडी, कोरडं नाक. झोप लागत नाही म्हणाल्या. एवढंच. पुढे झोपेचं शास्त्र मी समजावलं. पुढच्या सोमवारी येते म्हणाल्या. पायलचा चेहरा बघायला गेलो, पण ती सेशनमध्ये होती. तिच्या खोलीतून कुणाच्या तरी हुंदक्यांचा आवाज. अंगावर काटा आला.

२५ ऑगस्ट
बाई आल्या. खरंच आल्या.

फार कमी बोलतात. पेशंट गप्प असेल तर आपणही शांत राहावं, असं पुस्तकात आहे. राहिलो. घड्याळ बघितलं. बंद पडलंय की काय वाटलं, पण चालू होतं. मग त्यांना धीर यावा म्हणून स्वतःचं थोडं सांगितलं. याला सेल्फ-डिस्क्लोजर म्हणतात, मान्यताप्राप्त तंत्र आहे. फ्लेक्सचं सांगितलं. तेवढ्यात वेळ संपली.

उठताना बाईंनी विचारलं, तुमच्या शिक्षणाबद्दल वडिलांना काय वाटतं? मार्मिक प्रश्न. हुशार पेशंट आहे. यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू, असं आश्वासन दिलं.

संकल्प: पुढच्या वेळी फक्त ऐकायचं.

१ सप्टेंबर
संकल्प मोडला, पण सुरुवात त्यांनी केली. उत्तर न देणं उद्धटपणाचं झालं असतं. सांगितलं की बाबांच्या दोन चाळी आहेत, भाडेकरू आहेत, आणि रोज जेवताना एकच रेकॉर्ड: ‘खोल्या बग, बसून खाशील. येड्यांच्या नादाला कशाला लागतंस?’ त्यावरून जासईच्या स्थळाचा विषय निघाला. मुलीने कळवलं होतं, दिवसभर असल्या लोकांत बसणारा नवरा नको. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी मान डोलावली. काय रॅपो जुळलाय!

जाताना ज्वारीची भाकरी आणि ठेचा देऊन गेल्या. पेशंटकडून भेट घ्यायची नाही असा नियम आहे. पण परत केली असती तर बाई दुखावल्या असत्या, आणि पेशंटला दुखावायचं नाही हासुद्धा नियमच आहे. पॅन्ट्रीत उभ्याने खाल्ली. उत्तम होती.

९ सप्टेंबर
पायल डोक्यात जाते. आज चहाला म्हणाली, तुझ्या बाईंना झोप का येत नाही रे? मी म्हटलं, गोपनीयता. तर म्हणे, मला नको सांगूस, तुला माहितेय ना? लोकांना दुसऱ्याच्या पेशंटमध्ये नाक खुपसायची काय हौस असते. तिच्या कपाला लिपस्टिक लागलेली होती. माझा अर्धा चहा तसाच राहिला.

झोपेचं कारण विचारायचं आहेच. योग्य वेळ यावी लागते. घाईने पेशंट बिथरतो.

१५ सप्टेंबर
आजही योग्य वेळ आली नाही. बाबांचं आणि माझं काल वाजलं होतं, त्यामुळे माझीच मनःस्थिती ठीक नव्हती. बाईंच्या लक्षात आलं. त्यांचं निरीक्षण सुधारतंय. हा प्रगतीचा भाग म्हणून प्रेझेंटेशनमध्ये घेईन.

२२ सप्टेंबर
केस मांडायची तर एक सेशन रेकॉर्ड करून गाइडला ऐकवावं लागतं. आमच्या गाइड तेजश्री मॅडम. बाईंनी परवानगीच्या कागदावर वळणदार सही केली. सेशन ऐतिहासिक झालं. आतापर्यंतचं सर्वात मोकळं.

२४ सप्टेंबर, दुपार
मॅडमनी रेकॉर्डिंग माझ्यासमोर ऐकलं. सुरुवातीला मला वाटलं, चुकीची फाइल लागली. एक किनऱ्या आवाजाचा माणूस आपल्या बापाबद्दल रडगाणं गातोय, न थांबता. मध्ये मध्ये नाक ओढतोय. असल्या माणसाला कोण सहन करत असेल? मी खुर्ची स्पीकरपासून मागे सरकवली. मग त्याने ‘शिरवणे’ म्हटलं.

मॅडमनी बंद करून विचारलं, ‘मितेश, यात पेशंट कोण आहे?’ मी सांगितलं की माइक माझ्या बाजूला होता. मग म्हणाल्या, बाईंच्या घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, कुटुंब असावं. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर फक्त पार्किंग आहे.

केस नामंजूर. वर्ष पुन्हा करायचं. बाईंना पायलकडे देणार. मी शांतपणे एवढंच म्हटलं की बाई तयार होणार नाहीत. आमचं नातं मॅडमना कळलेलं नाही.

२६ सप्टेंबर
मी म्हटलं होतं तसंच झालं. बाईंनी नकार दिला.

मॅडमनी मला समोर बसवून फोन स्पीकरवर टाकला. आधी बाईंना सांगितलं की मितेशही ऐकतोय. मग बदलीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘नको मॅडम. माझं काय, मी थांबते. पण त्या लेकराला असं मधेच सोडू नका. आता कुठं बोलायलंय ते.’

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. झोपेचं काय, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, ‘झोप कुठली? मागच्या दिवाळीत हे गेले, तेव्हापासून नाही. हे पलीकडं कूस बदलायचे ना, ते ऐकू येत नाही आता. पण ते मी सांगेन कधीतरी. आधी त्याचं होऊ द्या.’

इतके सोमवार त्या समोर बसल्या होत्या. मला माहीत नव्हतं.

मॅडमनी फोन माझ्यापुढे सरकवला. विचारायचं ठरवलं की यजमान कसे गेले, तुम्ही घरी एकट्याच असता का, जेवता का नीट. प्रश्न चांगले होते, क्रमही बरोबर होता. पण आधी माझंच नाक ओढलं गेलं. पलीकडून बाई म्हणाल्या, ‘बोल बाळा. घाई नाही. मी ऐकायलेय.’

मी त्यांना सांगितलं की माझं वर्ष गेलं.